कर्माचे माप : भारतीय नीतिविचारातील एक जुना वाद

भारतीय तत्त्वज्ञानाच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमात नीतिविचाराला बहुधा शेवटचे प्रकरण लाभते, आणि त्या प्रकरणात चार पुरुषार्थ, पाच यम, तीन ऋणे, पंचशील आणि अणुव्रते यांच्या याद्या एकाखाली एक मांडलेल्या असतात. विद्यार्थी त्या पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि असा ग्रह घेऊन बाहेर पडतो की, प्रमाणे किती आणि आत्मा आहे की नाही या प्रश्नांवर हे दार्शनिक पिढ्यान्‌पिढ्या भांडले असले, तरी कसे वागावे याबद्दल मात्र त्या सर्वांचे एकमत होते. अहिंसा, सत्य, अस्तेय ही नावे बहुतेक याद्यांत येत असल्यामुळे हा ग्रह बळावतो. परंतु नावे समान असणे आणि विचार समान असणे यांत अंतर आहे. एखादे कर्म चांगले किंवा वाईट ठरते ते कशामुळे, या प्रश्नावर मीमांसक, बौद्ध, जैन, सांख्य आणि महाभारतकार यांनी परस्परांना छेद देणारी उत्तरे दिली आहेत, आणि भारतीय नीतिविचाराचे खरे वैभव या वादात आहे, हे या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

आरंभी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. माणसाने कसे वागावे हे सांगणे म्हणजे नीतीचा उपदेश. अमुक वागणे योग्य का, आणि ते योग्य आहे हे कळते कशाने, याची चिकित्सा म्हणजे नीतिशास्त्र किंवा नीतिमीमांसा. संस्कृत वाङ्मयात ‘नीति’ हा शब्द पुष्कळदा राजनीती व व्यवहारचातुर्य या अर्थाने येतो, त्यामुळे नीतिशास्त्राचा शोध त्या नावाच्या ग्रंथांत घेणारा अभ्यासक निराश होतो आणि भारतीयांना नीतिशास्त्रच नव्हते असा निष्कर्ष काढतो. तो शोध घ्यावयाचा असतो विधिनिषेधांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसेत, कर्म म्हणजे काय याची फोड करणाऱ्या बौद्ध व जैन आगमांत आणि धर्मसंकटांची प्रदीर्घ चर्चा करणाऱ्या महाभारतात. तेथे गेल्यावर असे दिसते की कर्म मोजण्याची निदान चार मापे या परंपरेत वापरली गेली : आदेश, हेतू, परिणाम आणि कर्त्याची मनोवृत्ती.

आदेशाचे माप

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत धर्माची जी व्याख्या अगदी आरंभी येते तिचा आशय असा की, वेदातील प्रेरक वाक्याने जे दाखवून दिले जाते आणि जे हितकर असते तो धर्म. प्रेरक वाक्य म्हणजे विधी, अर्थात ‘असे करावे’ असे सांगणारे वचन. या व्याख्येतील दुसरा भाग, म्हणजे हितकर असण्याची अट, वरवर पाहता अनावश्यक वाटते. वेदाने सांगितले एवढे पुरेसे असताना ते हितकरही असावे असे वेगळे म्हणण्याचे कारण काय? भाष्यकार शबरस्वामी याच जागी थांबतो आणि श्येनयागाचे उदाहरण घेतो. श्येनयाग हा शत्रूच्या नाशासाठी करावयाचा अभिचारविधी असून तो वेदात आला आहे. मग शत्रूला मारणे हाही धर्मच म्हणावा काय? शबरस्वामीचे उत्तर नकारार्थी आहे. हिंसा निषिद्ध आहे, म्हणून श्येन हा अनर्थ. आणि वेद तो करा असे सांगत नाही, ज्याला शत्रूचा घात करावयाचाच आहे त्याच्यासाठी साधन कोणते एवढेच सांगतो.

या स्पष्टीकरणाच्या आधारे पुढील मीमांसकांनी एक बारीक भेद केला. श्येनयागातील शत्रुवध हे यागाचे फळ आहे, त्याकडे माणूस द्वेषाने ओढला जातो, आणि फळाची इच्छा उत्पन्न करणे हे विधीचे काम नव्हे. म्हणून तेथे हिंसेचा सामान्य निषेध लागू पडतो. याउलट सोमयागातील पशुवध हा यागाचे अंग आहे, तेथे माणसाला प्रवृत्त करणारा विधीच आहे, म्हणून विशेष विधीने सामान्य निषेधाला तेवढ्यापुरता अपवाद झाला. आजच्या वाचकाला हा युक्तिवाद यज्ञसंस्थेचा बचाव वाटेल, आणि तो तसा आहेही. तरीही एखादी गोष्ट करण्याचे साधन शास्त्राने सांगितले म्हणून ती करण्याची मुभा मिळत नाही, हे त्यातील तत्त्व यज्ञ संपल्यावरही शिल्लक राहते. संहारक शस्त्र बनवण्याची रीत भौतिकशास्त्र सांगते, वापरण्याची आज्ञा देत नाही, हा आधुनिक विवेक त्याच जातीचा आहे.

सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त या मापाचे समर्थन करताना परिणामवादावर जो प्रहार केला तो नीतिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने अवश्य पाहावा असा आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे असे होते की, पशूला वेदना होतात हे उघड दिसते, दुसऱ्याला दुःख देणारे कर्म कर्त्याला दुःखच देणार, म्हणून यज्ञातील हिंसाही अधर्म होय. कुमारिल विचारतो की, दुसऱ्याला होणारे सुखदुःख हेच धर्माधर्माचे माप असेल, तर जपाने कोणाला सुख होत नाही आणि मद्यपानाने दुसऱ्याला दुःख होत नाही, तेव्हा या दोहोंचे काय करावयाचे? आणि गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याचे मन आतून आक्रंदत असले तरी तिला सुख दिल्याबद्दल त्याच्या पदरी पुष्कळ पुण्य पडले असे म्हणावयाचे काय? सुखाची बेरीज करून योग्यायोग्य ठरवणाऱ्या मताविरुद्ध पुढे युरोपात जे आक्षेप घेतले गेले, त्यांतील एक मुख्य आक्षेप येथे बीजरूपाने आहे.

तरीही सांख्यांचे समाधान झाले नाही. वैदिक उपायांत अशुद्धी मिसळलेली असते असे ‘सांख्यकारिके’त म्हटले आहे, आणि वाचस्पती मिश्र त्यावरील ‘सांख्यतत्त्वकौमुदी’ या टीकेत त्याचे कारण देतो. त्याच्या मते निषेध सांगतो की हिंसेने करणाऱ्याचे अनिष्ट होते. विधी सांगतो की ती यज्ञाला उपकारक आहे. या दोन विधानांत विरोधच नाही, कारण एकच कृती यज्ञाला उपकारक आणि माणसाला दोषावह अशी दोन्ही असू शकते. आणि विरोध नसेल तेथे एकाने दुसऱ्याला बाध आणण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे कर्तव्य म्हणून केलेल्या कर्मालाही दोष चिकटून राहतो. युद्धातील वध, न्यायासनावरून दिलेली शिक्षा किंवा साथ आवरण्यासाठी लादलेले निर्बंध आवश्यक ठरले, तरी त्यांतून झालेली हानी हानीच राहते, असे मानणाऱ्या आजच्या विचाराला या सांख्य भूमिकेत पूर्वज सापडतो.

हेतूचे माप आणि त्यावरील आक्षेप

कर्म म्हणजे बाह्य कृती, की तिच्यामागील संकल्प? या प्रश्नावर बुद्ध आणि निर्ग्रंथ, म्हणजे महावीरांचे अनुयायी, यांच्यातील वाद ‘मज्झिमनिकाया’तील उपालिसुत्तात नोंदलेला आहे. नालंदेच्या आम्रवनात दीर्घतपस्वी नावाचा निर्ग्रंथ साधू बुद्धाला सांगतो की शरीर, वाणी आणि मन यांच्या दुष्कृत्यांत शरीराचे दुष्कृत्य सर्वांत गंभीर होय. बुद्धाच्या मते सर्वांत गंभीर ते मनाचे. हा मुद्दा खोडून काढण्यासाठी निर्ग्रंथांचा श्रीमंत उपासक उपाली पुढे येतो, तेव्हा बुद्ध त्याला त्याच्याच मतातील एक उदाहरण विचारतो : संयमाने वागणाऱ्या निर्ग्रंथाच्या पायाखाली येता-जाता अनेक सूक्ष्म जीव मरतात, त्याचे काय फळ? उपाली उत्तरतो की, हेतू नसेल तर त्यात मोठा दोष नाही. हेतू असेल तर? मग मोठा दोष. आणि हेतू कोठे मोजावयाचा? मनात. येथे उपालीची बाजू त्याच्याच तोंडून ढासळते. चेतना म्हणजे संकल्प, आणि संकल्प हेच कर्म, हे बौद्ध मत ‘अंगुत्तरनिकाया’तही स्पष्ट शब्दांत आले आहे.

बौद्ध ग्रंथात बौद्धांचा विजय होणे स्वाभाविक आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचे म्हणणे तिच्याच ग्रंथात पाहावे लागते. जैनांच्या ‘सूत्रकृतांग’ या आगमात आर्द्रक नावाचा मुनी बौद्धांशी वाद करतो. तेथे बौद्ध मत उपहासासाठी ताणून मांडले आहे : पेंडीच्या गोळ्याला माणूस समजून कोणी तो सुळावर भाजला तर तो खुनी, आणि जिवंत माणसाला पेंड समजून भाजले तर तो निर्दोष. आर्द्रकाचा रोख असा की, जिवंत माणूस आणि पेंडीचा गोळा यांत गफलत होऊ देणे हाच अपराध आहे. हेतू शुद्ध होता एवढ्यावर सुटका होऊ लागली तर डोळे मिटून वागणारा प्रत्येक जण निर्दोष ठरेल.

या वादातून जैन परंपरेने जी व्याख्या घडवली ती दोन्ही टोके सांभाळणारी आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात प्रमत्त वृत्तीने होणारा प्राणघात म्हणजे हिंसा असे म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, विकारवशता, जी काळजी घेणे शक्य होते ती न घेणे. म्हणजे जीव गेला एवढ्याने हिंसा पूर्ण होत नाही, आणि मारण्याचा हेतू नव्हता एवढ्याने ती टळतही नाही. काळजी घेतली होती काय, हा प्रश्न मध्ये उभा राहतो. साधूने रात्री भोजन न करणे, चालताना पुढची जमीन न्याहाळणे, वस्तू उचलताना व ठेवताना जपणे हे नियम बाहेरून कर्मकांडासारखे वाटतात. व्याख्या ध्यानात घेतली की ते निष्काळजीपणाविरुद्धचे शिक्षण आहे हे उमगते. पूल कोसळतो, कारखान्यात स्फोट होतो, आणि कोणाचाही तसा हेतू नव्हता हे सर्वांना मान्य असते, अशा प्रसंगी जबाबदारी कशी ठरवावी याचा विचार करणाऱ्याला प्रमाद ही संकल्पना हेतूपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

सत्य आणि परिणाम

महाभारताच्या कर्णपर्वात परिणामाचे माप पुढे येते. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनाला गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक असे म्हणतो. आणि असे म्हणणाऱ्याचा वध करीन अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा असल्यामुळे तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. प्रतिज्ञापालन हा धर्म, वडीलधाऱ्याचे रक्षण हाही धर्म. त्या वेळी कृष्ण त्याला दोन कथा सांगतो. बलाक नावाचा व्याध पाण्यावर आलेल्या एका आंधळ्या श्वापदाला मारतो आणि स्वर्गाला जातो, कारण ते श्वापद सर्व प्राण्यांचा नाश करण्यास सिद्ध झालेले होते. कौशिक नावाच्या ब्राह्मणाचे व्रत सदैव खरे बोलण्याचे. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे त्याच्या जवळच्या वनात लपतात, दरोडेखोर येऊन विचारतात, कौशिक खरे ते सांगतो, माणसे मारली जातात आणि सत्यवादी कौशिक नरकात जातो.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९७ साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात हाच प्रसंग थोड्या फरकाने येतो : मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दाराशी येऊन मित्र घरात आहे काय असे विचारतो. कांटच्या मते त्यालाही खोटे सांगण्याचा अधिकार माणसाला नाही. कौशिक आणि कांट यांची भूमिका एक, आणि महाभारताचा निकाल तिच्या विरुद्ध. तथापि महाभारताने सत्याऐवजी सोयीला मान दिला, असा याचा अर्थ नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्य सत्याचे विवरण करताना सांगते की वाणीची प्रवृत्ती प्राण्यांच्या उपकारासाठी असते. जिच्यामुळे त्यांचा घात होईल ती वाणी सत्यासारखी दिसली तरी पुण्याचा केवळ आभास होय. म्हणजे सत्याचे व्रत अहिंसेच्या अधीन आहे. येथे एका मूल्याला अपवाद काढला गेला तो दुसऱ्या, अधिक मूलभूत मूल्यासाठी. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या लाभासाठी अपवादाची मुभा या विवेचनातून मिळत नाही.

त्याच योगसूत्रांत अपवाद कसे बेमालूम वाढतात याचीही जाण आहे. जाती, देश, काळ आणि प्रसंग यांच्या मर्यादा नसलेले यम म्हणजे महाव्रत, असे पतंजली म्हणतो, आणि भाष्यकार मर्यादित अहिंसेची उदाहरणे देतो : मासे तेवढे मारीन असे म्हणणारा कोळी, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही किंवा चतुर्दशीला मारणार नाही असा नेम करणारा, देवाब्राह्मणांसाठीच मारीन असे म्हणणारा, आणि युद्धाखेरीज हिंसा न करणारा क्षत्रिय. वार पाळून मांसाहार वर्ज्य करण्याचा नेम महाराष्ट्रात आजही घरोघरी आढळतो, त्यामुळे या यादीचा रोख मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

कर्त्याची बुद्धी : गीता आणि टिळक

आदेश, हेतू आणि परिणाम या तिन्ही मापांतील उणिवा पाहून चौथे माप पुढे करणारा ग्रंथ म्हणजे भगवद्गीता, निदान लोकमान्य टिळकांचे तसे प्रतिपादन आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ ‘कर्मयोगशास्त्र’ असे दुसरे नाव धारण करतो, आणि त्यात मिल्ल, स्पेन्सर, ग्रीन, कांट यांच्या मतांची गीतेशी तुलना केलेली असल्यामुळे मराठीतील तौलनिक नीतिशास्त्राचा तो पायाभूत ग्रंथ ठरतो. पुष्कळांचे पुष्कळ सुख या आधिभौतिक मापाचे खंडन करताना टिळक एका अमेरिकन शहरातील ट्रामचा दाखला घेतात : परवानगीला विलंब लागत होता म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन काम उरकले, ट्रामचा लाभ सर्वांना झाला, तरीही प्रकरण उघडकीस आल्यावर त्याला शिक्षा झाली. परिणाम चांगला, कर्म वाईट. यावरून टिळक निष्कर्ष काढतात की कर्माची किंमत कर्त्याच्या बुद्धीवर अवलंबून असते, आणि जी बुद्धी सर्वांभूती सम झाली आहे तीच खरी कसोटी.

या मापाचे सामर्थ्य असे की ते बाहेरच्या नियमांत अडकत नाही. त्याची अडचणही नेमकी तीच आहे. बुद्धी सम झाली आहे हे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे? टिळकांनी गीतेतून लोकसंग्रहार्थ कर्म, प्रसंगी युद्धही, फलित केले. गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’त त्याच ग्रंथातून अहिंसा फलित केली. दोघांचीही निरपेक्षता निर्विवाद होती. तेव्हा कर्त्याची शुद्ध बुद्धी आवश्यक असली तरी दोन शुद्धबुद्धी माणसांतील मतभेद मिटवण्यास ती पुरी पडत नाही, हे मान्य करावे लागते.

माप कोणाच्या हाती?

आतापर्यंतच्या वादात एक प्रश्न बहुतांशी बाहेर राहिला. धर्मशास्त्र दोन प्रकारचे धर्म मानते : सर्वांना लागू असलेला साधारण धर्म आणि वर्ण-आश्रमाप्रमाणे बदलणारा विशेष धर्म. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच आणि इंद्रियनिग्रह हा चारही वर्णांचा धर्म म्हणून सांगितला आहे. त्याच स्मृतीत एकाच अपराधासाठी वर्णानुसार वेगवेगळे दंडही सांगितले आहेत. साधारण आणि विशेष यांत संघर्ष आला असता व्यवहारात विशेषाची सरशी झाली, आणि ज्यांच्या वाट्याला त्या विशेषाचा जाच आला त्यांना वादसभेत जागाच नव्हती. जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. स्त्री आणि पुरुष, सर्व मानव, यांना एकच माप लावण्याचा आग्रह हा त्याचा गाभा आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत भेद केला : नियम ठरावीक वागणूक सांगतो, तत्त्व विचार करण्याची रीत देते, नियम पाळणारा आज्ञाधारक असतो, तत्त्वाने वागणारा जबाबदार असतो. मीमांसकांच्या आदेशाच्या मापावर इतका मूलगामी आक्षेप आधुनिक काळात क्वचितच घेतला गेला असेल.

या चारही मापांचा उपयोग एका रोजच्या प्रसंगावर पाहता येतो. वृद्ध रुग्णाला असाध्य रोग जडल्याचे निष्पन्न होते, आणि नातेवाईक डॉक्टरांना दाराबाहेर गाठून ‘त्यांना काही सांगू नका’ अशी विनवणी करतात. आदेशाचे माप व्यवसायाच्या आचारसंहितेकडे बोट दाखवील. हेतूचे माप नातेवाइकांच्या मायेला श्रेय देईल. प्रमादाची संकल्पना विचारील की, रुग्णाला खरोखर काय हवे आहे याची चौकशी कोणी केली होती काय. कौशिकाची कथा घातक सत्याची आठवण देईल. पण येथे लपवाछपवीने वाचणारा जीव कोणता, असा प्रतिप्रश्नही तीच उभा करील, कारण कौशिकाने मौन पाळले असते तर माणसे वाचली असती, येथे मौनाने वाचतो तो बहुधा सांगणाऱ्याचा अवघडलेपणा. समबुद्धीचे माप प्रत्येकाला स्वतःच्या भीतीची झडती घ्यावयास लावील. आणि फुले-आंबेडकरांचा प्रश्न सर्वांत शेवटी, पण सर्वांत ठामपणे येईल : ज्याच्या आयुष्याचा हा निर्णय आहे तो या चर्चेत आहे काय?

यांतील एकही माप एकट्याने पुरत नाही, आणि तरीही सर्व मापे सारख्याच योग्यतेची आहेत असे म्हणणे हा विचाराचा आळस ठरेल. निवाडा द्यावयाचा झाल्यास तो असा : आदेशाला कारण विचारता आले पाहिजे, हेतूबरोबर काळजीचा हिशेब मागता आला पाहिजे, परिणाम मोजताना ज्याला झळ बसते त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, आणि शुद्ध बुद्धीचा दावा करणाऱ्यानेही या तीन अटींतून स्वतःला वगळता कामा नये. भारतीय दर्शनांची एक शिस्त या कामी आजही उपयोगाची आहे. स्वतःचे मत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावयाचे, ही ती शिस्त. आर्द्रकाने बौद्ध मत विकृत करून मांडले तेव्हा तो तिच्यापासून ढळला. पशूच्या वेदनेचा युक्तिवाद कुमारिलाने नीट मांडून मग खोडला तेव्हा त्याने ती पाळली, आणि म्हणूनच त्याच्याशी असहमत असणाऱ्यालाही त्याच्या ग्रंथात स्वतःचे म्हणणे सापडते. नीतिशास्त्राच्या वर्गात सद्गुणांच्या याद्यांऐवजी उपाली, आर्द्रक, कौशिक आणि श्येनयाग यांच्यापासून आरंभ करावा, आणि विद्यार्थ्याने आपले मत सांगण्याआधी विरुद्ध मताची बाजू त्या मताच्या माणसाला पटेल अशी लिहून दाखवावी, एवढी अपेक्षा शिक्षकांनी आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी मनावर घ्यावी.